सातव्या स्विचच्या पलीकडे

१७ वर्षं आधी

अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत रेडिया पर्लमन नावाच्या इंजिनिअर बाई होत्या. एका शुक्रवारी त्यांच्या साहेबाने त्यांना एक काम सोपवलं आणि तो आठवडाभराच्या सुट्टीवर निघून गेला. इथरनेटचे तुकडे एकमेकांना जोडणारी यंत्रं असतात, तेव्हा त्यांना ब्रिज म्हणत, आता स्विच म्हणतात. ती कुणी कशीही जोडली तरी त्यांच्यात गोल रस्ता, म्हणजे लूप, तयार होता कामा नये, असं ते काम. पर्लमनबाईंना उत्तर त्याच रात्री सुचलं. सोमवार-मंगळवारी त्यांनी ते लिहून काढलं. साहेब यायला अजून अवकाश होता, म्हणून उरलेल्या दिवसांत त्यांनी त्याच विषयावर एक कविता रचली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ती कविता आहे. नेटवर्कवाल्यांच्या जगात गमतीला फारशी जागा नसते, म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगितली.

गोल रस्त्याची एवढी धास्ती का, तेही सांगायला हवं. आयपीच्या पाकिटावर आयुष्याचा आकडा घातलेला असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट फेकून देतो. इथरनेटच्या पाकिटावर, म्हणजे फ्रेमवर, असा आकडाच नाही. ती अमर आहे. ‘सगळ्यांसाठी’ असा पत्ता असलेली फ्रेम, म्हणजे ब्रॉडकास्ट, स्विचकडे आली की तो तिच्या प्रती काढून बाकीच्या सगळ्या पोर्टांवर सोडतो. रस्ता गोल असेल तर त्या प्रती फिरून त्याच स्विचकडे परत येतात आणि तो पुन्हा प्रती काढतो. शंभर मेगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान फ्रेमा सेकंदाला सुमारे १,४८,८०० मावतात. लूप लागला की तेवढ्या भरायला फार वेळ लागत नाही, आणि मग त्या तारेवर दुसऱ्या कशालाही जागा उरत नाही.

पण दुसरा रस्ता हवाही असतो. एक तार तुटली तर काम चालायला नको? पर्लमनबाईंचा तोडगा असा: सगळ्या ब्रिजांनी मिळून एकाला मूळ, म्हणजे रूट, निवडायचं. त्याच्याकडे जाणारा सर्वांत जवळचा रस्ता प्रत्येकाने चालू ठेवायचा आणि जादाचे रस्ते आपणहून अडवून ठेवायचे. तार जोडलेली, दिवा लागलेला, तरी पोर्ट बंद. मधला एखादा दुवा गेला तरच ते उघडायचं. मूळ आणि फांद्या, गोल कुठेच नाही. म्हणून नाव स्पॅनिंग ट्री.

१२ वर्षं आधी

१९९० साली आयट्रिपलई या संस्थेने ही पद्धत ८०२.१डी या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी कल्पना नावाच्या कंपनीने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. हो, आपलंच ‘कल्पना’. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज तिच्या संस्थापकांपैकी एक. चार वर्षांनी नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

मानकात तीन वेळा ठरवून दिल्या होत्या. रूटने दर २ सेकंदांनी ‘मी आहे’ असा संदेश सोडायचा. तो आला नाही तर २० सेकंद वाट पाहायची. मग अडवलेलं पोर्ट उघडण्याआधी १५ सेकंद नुसतं ऐकायचं आणि १५ सेकंद शिकायचं. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. नेटवर्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्तीत जास्त सात स्विच, असं धरून ते काढले आहेत. वाट पाहण्याचा हिशेब: चार गुणिले २, अधिक दोन गुणिले ७, वजा २, म्हणजे २०. ऐकण्याचा: चार गुणिले २, अधिक तीन गुणिले ७, या बेरजेला भागिले दोन, म्हणजे साडेचौदा, धरा पंधरा.

सातच्या जागी दहा घालून पाहा. विसाचे सव्वीस होतात आणि पंधराचे एकोणीस. पण दहावा स्विच जोडला म्हणून कुठलाही स्विच कुरकुरत नाही. तांबडा दिवा लागत नाही, लॉगमध्ये ओळ उमटत नाही. घड्याळ २० आणि १५ वरच चालू राहतं.

६ वर्षं आधी

ऑक्टोबर १९९६ मध्ये बॉस्टनमधली दोन जुनी हॉस्पिटलं एक झाली: बेथ इस्रायल आणि न्यू इंग्लंड डीकनेस. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं हे मोठं शिक्षण-हॉस्पिटल. १९९८ पासून त्याच्या संगणक विभागाचे प्रमुख होते डॉ. जॉन हलाम्का. तेही गंमतशीर गृहस्थ: इमर्जन्सीतले डॉक्टर आणि सॉफ्टवेअरचे पक्के जाणकार. त्यांच्या काळात औषधांच्या ऑर्डर, लॅबचे रिपोर्ट, क्ष-किरण चित्रं, सगळं पडद्यावर आलं. २००१ साली एका नामांकित अमेरिकी संगणक-नियतकालिकाने तंत्रज्ञान वापरणाऱ्या संस्थांच्या यादीत त्यांच्या संस्थेला पहिलं स्थान दिलं.

यादीत ॲप्लिकेशनं मोजली गेली. भिंतीमागच्या तारा कोण मोजणार? नेटवर्क वाढलं ते गरजेप्रमाणे. नवा विभाग आला की जवळच्या स्विचच्या शेपटीला आणखी एक स्विच. सगळं एकाच सपाट मैदानात, मध्ये राउटरची भिंत नाही. क्ष-किरण चित्रांचं नेटवर्क असंच लांबत लांबत दहा टप्प्यांवर जाऊन पोहोचलं होतं.

रोज चालत होतं, म्हणून कुणी दहा मोजले नाहीत. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. ज्याने नेटवर्क उभं केलं त्याच्या डोक्यात नकाशा असतो, कागदावरचा नकाशा दोन वर्षं जुना असतो, आणि कुठल्याही कॅम्पसमध्ये हीच कथा आहे.

काही आठवडे आधी

नेटवर्क म्हातारं झालंय हे संगणक विभागाला कळत होतं. बाहेरच्या सल्लागारांकडून पाहणी सुरू झाली होती. सुधारणा व्हायची होती.

काही दिवस आधी

हॉस्पिटलमधल्या एका संशोधकाने माहितीची देवाणघेवाण करणारं एक नवं सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चढवलं. ते जसं आलं तसंच, सेटिंगला हात न लावता चालू केलं. मग घरी बाळ आलं म्हणून तो रजेवर गेला. सॉफ्टवेअर चालूच राहिलं. ते आजूबाजूच्या मशीनांचा शोध घेत होतं आणि मिळेल ते ओढून आणत होतं.

ही गोष्ट सांगताना या संशोधकाला खलनायक करायचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. नेटवर्कवर एखाद्याने भरपूर माहिती हलवणं हा अपघात नव्हे. नेटवर्क त्यासाठीच असतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर २००२, दुपारी पावणेदोन

मेल जायला वेळ लागू लागला. पडदे उघडेनात. मध्यवर्ती जागी बसलेला एक स्विच या माहितीच्या लोंढ्याखाली पुरता दबला होता.

स्विच दबला म्हणजे नेमकं काय झालं? साध्या फ्रेमा इकडून तिकडे टाकायचं काम त्यातल्या खास चिपा करतात, आणि त्या सहसा थकत नाहीत. पण स्पॅनिंग ट्रीचा संदेश चिपला कळत नाही. तो वाचायला आणि पुढचा तयार करून पाठवायला स्विचचा प्रोसेसर लागतो, आणि हा प्रोसेसर अगदी बेताचा असतो. तो शंभर टक्क्यांना भिडला की स्विच बाहेरून जिवंत, दिवे लुकलुकताहेत, पण ‘मी आहे’ म्हणणारा आवाज बंद.

पुढची ५० सेकंदं

इथून पुढे स्विचच्या पोटात काय होतं ते सेकंदासकट सांगता येतं, कारण ते घड्याळ मानकातच लिहिलेलं आहे.

शून्य सेकंद. शेवटचा संदेश मिळाला. दोन सेकंदांनी यायचा तो आला नाही. चौथ्याला नाही, सहाव्याला नाही.

सोसायटीतला गुरखा रात्री काठी आपटत फेरी मारतो. काठीचा आवाज येतोय तोवर मागचं फाटक कुलपात, असा नियम करून ठेवलाय असं समजा. आता समोरून ढोलपथक निघालं आणि काठीचा आवाज त्यात बुडाला. गुरखा जागेवरच आहे, काठीही आपटतोय. पण आत बसलेल्याला ऐकू येत नाही म्हणून त्याने नियमाप्रमाणे उठून मागचं फाटक सताड उघडलं. स्विच नेमकं हेच करतो. त्याच्या लेखी शांततेचा अर्थ एकच: पलीकडचा मेला, आता माझा बंद रस्ता उघडायला हवा. पलीकडचा मेला नसून गर्दीत अडकलाय, ही शक्यता नियमात बसतच नाही.

त्यात हे दहा टप्पे. संदेश प्रत्येक स्विचमधून पुढे जाताना त्याच्या अंगावर वयाचा एकेक आकडा चढतो. मुळाला खेटून असलेल्या स्विचला तो कोरा करकरीत मिळतो आणि त्याला पूर्ण २० सेकंद धीर धरता येतो. दहाव्या टप्प्यावरच्याला मिळतो तो नऊ सेकंदांचा होऊन. त्याच्याकडे उरतात फक्त अकरा सेकंद. पाच-सहा संदेश ओळीने हुकले की संपलं. म्हणजे मुळापासून जो जितका लांब, तो तितका उतावळा. आणि क्ष-किरण चित्रांच्या भल्यामोठ्या फायली त्याच लांबच्या टोकाला.

विसाव्या सेकंदापर्यंत धीर संपला. अडवलेलं पोर्ट ऐकण्याच्या अवस्थेत गेलं. पस्तिसाव्याला शिकण्याच्या. ही तीस सेकंदं ठेवली आहेत ती याचसाठी, की चूक झाली असेल तर तेवढ्यात पलीकडचा संदेश येईल आणि पोर्ट पुन्हा मिटेल. पण संदेश त्याच गर्दीत अडकलेला.

पन्नासावं सेकंद. पोर्ट उघडलं. रस्ता गोल झाला.

मग जे व्हायचं तेच. ब्रॉडकास्टच्या प्रती फिरू लागल्या. प्रत्येक ब्रॉडकास्ट वाटेतल्या स्विचच्या प्रोसेसरलाही थांबून बघावा लागतो, म्हणून आतापर्यंत शाबूत असलेले शेजारी दबले. त्यांचेही ‘मी आहे’ बंद पडले. त्यांच्या पलीकडच्यांनी आपापली बंद पोर्टं उघडली. शिवाय नेटवर्कचा आकार बदलला की स्विच आपली पत्त्यांची वही लवकर पुसतात; एरवी ३०० सेकंद टिकणारी नोंद १५ सेकंदांत जाते. पत्ता माहीत नसला की फ्रेम सगळीकडे सोडायची, हा आणखी एक नियम. झालं, नेमका पत्ता असलेल्या फ्रेमाही गावभर फिरायला लागल्या.

या साखळीत कुठेही बिघाड नाही, हे मुद्दाम सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये बग नव्हता, हॅकर नव्हता, यंत्र जळलं नव्हतं. प्रत्येक स्विचने त्याला सांगितलं होतं तेच बरोब्बर केलं.

बुधवार, संध्याकाळ

संगणक विभागाने ठरलेला उपाय सुरू केला. संशय येईल तो व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा मांडलेला भाग, बंद करून पाहायचा, गर्दी कमी होते का बघायचं. माणूस दुसरं काय करणार? पण एक भाग तोडला की नेटवर्कचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की सगळे स्विच नव्याने हिशेबाला बसतात. दमलेल्या प्रोसेसरांवर नवा बोजा. प्रयत्नागणिक हाल वाढले. सिस्कोच्या मदत केंद्राला फोन गेला, आणि दुखणं स्पॅनिंग ट्रीचं आहे हे हळूहळू उलगडत गेलं.

बुधवार, रात्र

रात्री नेटवर्क शांत झालं. वापरणारेच घरी गेले होते.

गुरुवार, सकाळ

दिवसपाळी आली, लोकांनी लॉगिन केलं आणि सगळं पुन्हा बसलं. मग थोडं उठलं. पुन्हा बसलं.

हॉस्पिटलसाठी पूर्ण बंद नेटवर्कपेक्षा हे वाईट. डॉक्टरने पडद्यावर औषध लिहिलं, बटण दाबलं, पडदा गोठला. ऑर्डर औषधशाळेत पोहोचली का? नसेल म्हणून त्याने कागदावर दुसरी लिहिली. दरम्यान नेटवर्क उठलं आणि पहिलीही पोहोचली. आता रुग्णाला एक डोस द्यायचा की दोन? लॅबचा रिपोर्ट आलाच नाही, की आला आणि मघाशी दिसला नाही? सर्व्हर व्यवस्थित होते, एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं. फक्त तिथवर जाता येत नव्हतं, आणि कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता.

गुरुवार, दुपारी ३:५०

हॉस्पिटलने इमर्जन्सी विभाग बंद केला. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे वळवल्या. चार तास.

संध्याकाळपर्यंत दोन निर्णय झाले. एक सिस्कोचा: त्यांनी ग्राहकाच्या संकटासाठी राखलेली सर्वांत वरची यंत्रणा जागी केली, माणसं निघाली, सामानही विमानाने बॉस्टनकडे निघालं. दुसरा हॉस्पिटलचा, आणि माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणा: नेटवर्क आता उठलं तरी वापरायचं नाही. सगळ्यांनी कागदावर यायचं आणि आम्ही सांगेपर्यंत कागदावरच राहायचं. ज्या माणसाने सगळं पडद्यावर आणलं, ज्याच्या संस्थेला त्यासाठी पहिला नंबर मिळाला, त्याच्या विभागाला हे जाहीर करावं लागलं. काय वाटलं असेल!

कागद काढला खरा, पण तो वापरायचा कुणी? जुन्या नर्स आणि डॉक्टरांना सवय होती. नव्या डॉक्टरांपैकी कित्येकांनी आयुष्यात कागदावर ऑर्डर लिहिली नव्हती. औषधाचं नाव, मात्रा, किती वेळा, सही, वेळ: पडदा जे विचारून घ्यायचा ते आता आठवणीने लिहायचं. फॉर्मच्या प्रती काढल्या गेल्या. रिपोर्ट घेऊन मजल्या-मजल्यांवर धावायला माणसं लावली गेली.

शुक्रवार ते रविवार

हा भाग सांगण्यात थरार कमी, कष्टच जास्त. इंजिनिअरांनी सपाट मैदानात भिंती घालायला घेतल्या. कॅटॅलिस्ट ६५०९ नावाची मोठी यंत्रं बसवून नेटवर्कचे तुकडे पाडले आणि तुकड्यातुकड्यात राउटिंग आणलं, म्हणजे एकीकडे लूप लागला तरी तो तिथेच कोंडला जावा. क्ष-किरण चित्रांचं लांबलचक शेपूट आधी कापलं. मग एकेक भाग तपासत गेले. तपासता तपासता मानकातल्या सातात न बसणाऱ्या आणखी जागा निघाल्या.

सोमवार, १८ नोव्हेंबर

सकाळी हॉस्पिटल पुन्हा पडद्यावर आलं. या काळात कुणा रुग्णाला इजा झाल्याचं आढळलं नाही, असं हॉस्पिटलने सांगितलं. नेटवर्क नव्याने उभं करायला सुमारे ३० लाख डॉलर लागले. हलाम्कांनी सगळी हकीगत दडवून न ठेवता जाहीर सांगितली, म्हणून तर ती आज अभ्यासक्रमात शिकवली जाते आणि आपल्याला तासांसकट माहीत आहे. अशा वेळी ‘तांत्रिक कारणामुळे सेवा खंडित’ एवढीच पाटी लावायची आपल्याकडची पद्धत आहे.

त्यानंतर

पन्नास सेकंदांचा तो जुना स्पॅनिंग ट्री २००४ च्या मानकातून काढून टाकला गेला. त्याच्या जागी आलेल्या जलद आवृत्तीत दोन स्विच आधी आपसात विचारपूस करतात आणि बहुतेक वेळा सेकंदाच्या आत रस्ता ठरतो. स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये पहाऱ्याच्या सोयीही असतात. वापरणाऱ्याच्या पोर्टवर कुणी भलता स्विच जोडला तर ते पोर्ट पाडणारा बीपीडीयू गार्ड, ब्रॉडकास्ट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गळा आवळणारं स्टॉर्म कंट्रोल, नको त्याला मूळ होऊ न देणारा रूट गार्ड.

पण जलद आवृत्तीतही मुळातला समज तोच राहिला. तीन संदेश हुकले, म्हणजे सहा सेकंद शांतता झाली, की पलीकडचा गेला असं धरून दुसरा रस्ता उघडायचा. धीर वीस सेकंदांवरून सहावर आला, एवढाच फरक. तो समज उलटा करणारी सोय म्हणजे लूप गार्ड. अडवलेल्या पोर्टवर संदेश यायचा थांबला तर पोर्ट उघडायचं नाही, उलट कडी लावायची आणि लॉगमध्ये ओरडायचं. सिस्कोच्या स्विचमध्ये ही सोय बॉस्टनच्या त्या बुधवारच्या आधीपासून आहे. खोक्यातून काढलेल्या नव्या स्विचवर ती आजही बंदच असते. ती चालू करायला एक ओळ टाइप करावी लागते.